विड्रॉल

ज्या शब्दावर मी अडतीस वर्षे पोट भरले, त्याचे स्पेलिंग मला पहिल्या दिवशी लिहिता आले नव्हते. १९८१ च्या पावसाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बँकेत कारकून म्हणून चिकटलो. पहिल्याच दुपारी अकाउंटंटसाहेबांनी स्टेशनरीचे मागणीपत्र लिहायला बसवले. 'विथड्रॉअल फॉर्म, वीस पॅड' असे मी इंग्रजीत लिहिले आणि शेवटच्या एलच्या आधीचा ए गाळला. साहेबांनी तांबड्या शाईने तो ए आत बसवला आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "आज ए खाल्लात. उद्या कुणाच्या रकमेतलं शून्य खाल." आठवड्याभराने छापखान्यातून पॅड आले. त्यांवरही तो ए नव्हता! मी ते साहेबांना दाखवायला गेलो नाही. नोकरी नवी होती.

गिऱ्हाइकांना अर्थातच या ए चे सोयरसुतक नव्हते. त्यांचा शब्द 'विड्रॉल'. वाडीवस्तीवरून येणाऱ्या म्हाताऱ्या 'इड्राल' म्हणत. गंमत अशी की, पैसे ठेवायला आलेला माणूस 'पैसे भरायचेत' असे सरळ मराठीत सांगे. तोच माणूस महिन्याने पैसे न्यायला आला की मात्र 'विड्रॉल करायचाय' म्हणे, आणि तेही जरा खालच्या आवाजात. मला वाटते, साठवलेले पैसे काढणे हे आपल्या लोकांना थोडे ओशाळवाणे वाटत असावे. घरात काहीतरी अडले आहे, हे त्यातून उघड होते. अशा वेळी परक्या भाषेतला शब्द बरा पडतो. तो अंगाला चिकटत नाही.

एटीएमच्या काळात वाढलेल्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. बचत खात्यातून पैसे काढायचे तर पासबुक घेऊन बँकेत यायचे, फॉर्मवर अंकी आणि अक्षरी रक्कम लिहायची, सही करायची. कारकून पितळी टोकन देई. मग तो फॉर्म लेजरच्या जाडजूड वहीत चढे, अधिकारी नमुन्याच्या सहीशी सही ताडून पाही आणि तो 'पास' करी. अखेरीस कॅशियरच्या पिंजऱ्यातून टोकनाच्या नंबराचा पुकारा होई. पाऊण तास मोडला तरी कुणी कुरकुरत नसे. बाकावर बसून गावच्या चार गोष्टी होत. हा फॉर्म चेकसारखा दिसतो, पण तो चेक नव्हे. चेक दुसऱ्याच्या हाती देता येतो, हा देता येत नाही. काढणारा आणि घेणारा एकच, आणि सोबत पासबुक पाहिजे. आपले आपणच घ्यायचे, असा त्याचा नियम.

मी काही भाषाशास्त्रज्ञ नव्हे. पण कादंबऱ्या लिहिता लिहिता कोश चाळायचा नाद लागला आणि या शब्दाकडे मी पुन्हा वळलो. त्यातला 'ड्रॉ' म्हणजे ओढणे, काढणे. कोडे आहे ते 'विथ'चे. शाळेत आपण विथ म्हणजे 'सह' असे शिकलो. जुन्या इंग्रजीत मात्र या अक्षरांचा अर्थ जवळजवळ उलट होता : विरुद्ध, दूर, मागे. तो जुना अर्थ आता दोनचार शब्दांत तेवढा शिल्लक आहे. विथस्टँड म्हणजे विरोधात उभे राहून टिकणे, विथहोल्ड म्हणजे रोखून धरणे आणि विथड्रॉ म्हणजे मागे ओढून घेणे. इंग्रजांच्या घरातली 'ड्रॉइंग रूम'ही मूळची 'विथड्रॉइंग रूम'. जेवणाच्या दालनातून उठून मंडळी, विशेषतः बायका, जिथे जाऊन बसत ती खोली. पुढचे 'विथ' काळाच्या ओघात गळाले. आमच्या मातोश्रींची मात्र शेवटपर्यंत समजूत होती की, साहेबाच्या घरी चित्रे काढायला वेगळी खोली असते. त्यांचेही फारसे चुकत नव्हते, कारण मराठीत चित्रही 'काढतात'च. पाणी काढतात, रक्त काढतात, चित्र काढतात आणि पैसे काढतात. इंग्रजीतला 'ड्रॉ' नेमक्या याच चार ठिकाणी येतो. दोन भाषांनी परस्परांना न विचारता एकाच क्रियापदावर एवढा भार टाकावा, याचे मला आजही नवल वाटते.

पण आपले 'काढणे' त्यापुढेही बरेच चालत जाते. आपण कर्ज काढतो, दिवस काढतो, झोप काढतो, खोडी काढतो, समजूत काढतो, आठवण काढतो. शिल्लक असो वा नसो, मराठी माणूस काढतच असतो. आणि नको तिथून तो 'अंग काढून घेतो'. विथड्रॉअलच्या सगळ्यात जवळचा मराठी वाक्प्रयोग मला हाच वाटतो. काढणे आणि घेणे, दोन्ही त्यात आले. 'माघार'ची गोष्ट वेगळी. माघार म्हटली की आपली मान खाली जाते. सैन्य परत बोलावले, शब्द परत घेतला, दावा मागे घेतला, या सगळ्याला इंग्रजीत एकच थंड, कागदी शब्द चालतो. मराठीत प्रत्येक वेळी तुम्ही हरलात की शहाणे ठरलात, हे क्रियापदावरूनच कळते.

निवडणुकीत हे फार चांगले दिसते. उमेदवारी अर्ज भरायला मिरवणूक निघते, गुलाल उडतो. अर्ज मागे घ्यायला माणूस मागच्या दाराने एकटा जातो. लोकप्रतिनिधित्वाच्या १९५१ सालच्या कायद्यानुसार ही सूचना शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत द्यावी लागते. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे : एकदा माघारीची सूचना दिली की ती रद्द करता येत नाही. म्हणजे माघारीची माघार नाही. अनेक संसारांना हे कलम लावून पाहण्यासारखे आहे.

नोकरीत मात्र माघारीची माघार असते आणि ती मी स्वतः घेतलेली आहे. सरकारी बँकांत २००० साली स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. वय चाळीस किंवा नोकरी पंधरा वर्षे, एवढी अट. माझी दोन्ही भरत होती. डोक्यात एक कादंबरी अर्धी होती, तेव्हा बाकीचे आयुष्य लिहीत काढू, असे म्हणून मी अर्ज टाकला. घरी बायको काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने मुलांच्या फीची पावती माझ्या कादंबरीच्या वहीत खुणेसाठी घालून ठेवली. मी दुसऱ्या दिवशी अर्ज मागे घेतला. माझा अर्ज मंजूर व्हायचा होता, म्हणून मी सुटलो. देशभर असे अनेक जण होते आणि त्यांचे वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अर्ज मंजूर होईपर्यंत तो मागे घेता येतो, पण योजनेचे पैसे स्वीकारले असतील तर नाही, असा सर्वसाधारणपणे २००२ च्या निकालाचा आशय होता. कादंबरी पुढे नऊ वर्षांनी पूर्ण झाली. ती पावती अजून त्या वहीत आहे.

पण हा लेख लिहावासा वाटला तो या कशामुळेही नाही. त्यासाठी १९८९ सालात जावे लागेल.

मी तेव्हा नुकताच अधिकारी झालो होतो. आमचे हेडकॅशियर माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. सगळी शाखा त्यांना भाऊ म्हणे. नोटांची गड्डी हातात आली की पत्ते पिसावेत तशी त्यांची बोटे चालत, आणि अंदाज असा की, वजनावरून शंभरात एक नोट कमी आहे हे सांगत. ते पितात, हे सगळ्यांना माहीत होते. कामात कधी खोट नव्हती, म्हणून सगळेच गप्प होते. सकाळी हात थोडे कापत आणि मग केव्हातरी ते थांबत. कशाने थांबत, हे आम्ही कधी विचारले नाही.

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक अधिकाऱ्याकडे, दुसरी हेडकॅशियरकडे. दोन्ही लागल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. एका सोमवारी साडेदहा वाजले तरी भाऊंचा पत्ता नाही. बाहेर बाजाराच्या दिवसाची गर्दी. मी सायकल घेऊन त्यांच्या घरी गेलो. घराला कुलूप. शेजारणीने सांगितले, पहाटेच दवाखान्यात नेले.

दवाखान्यात भाऊ खाटेवर होते. दोन्ही हात पट्टीने खाटेला सैलसर बांधलेले. डोळे उघडे, पण ओळख नाही. आणि बांधलेल्या हातांची बोटे चालत होती. ते नोटा मोजत होते. मधेच अंगठा जिभेकडे न्यायचा प्रयत्न करीत आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागत. खाटेशी वहिनी उभ्या होत्या. तेवढ्यात तरुण डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली आणि मला सुशिक्षित समजून म्हणाले, "विड्रॉल आहे. चांगलाच मोठा आहे."

वहिनींचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, "साहेब, किती काढलेत हो त्यांनी?" मला प्रश्न कळायला क्षण लागला. तोवर त्यांचा हात गळ्यातल्या मंगळसूत्राकडे गेला होता. "जेवढे असतील तेवढे भरून देते. पोलिसांत जाऊ नका. मुलीचं लग्न व्हायचंय."

खरे सांगायचे तर त्या क्षणी माझ्याही मनात तोच आकडा फिरत होता. शुक्रवारी तिजोरीत किती होते, शनिवारी बंद करताना मी स्वतः किती गड्ड्या पाहिल्या, याची उजळणी मी उभ्या उभ्या केली होती. डॉक्टर 'विड्रॉल' म्हणतो तो कशाचा, हे विचारायचे मला सुचले नाही. बँकवाल्याच्या कानाला त्या शब्दाचा एकच अर्थ ऐकू येतो.

डॉक्टरांना गोंधळ लक्षात आला. त्यांनी बाहेर नेऊन समजावले, ते त्या दिवसापासून माझ्या लक्षात आहे. वर्षानुवर्षे रोज दारू घेणाऱ्याचा मेंदू सतत दाबाखाली असतो. त्यावर मात करण्यासाठी तो आपला वेग वाढवून घेतो. दारू एकाएकी थांबली की दाब जातो, पण वेग तसाच राहतो. पहिल्या दिवशी हात कापतात, घाम येतो, झोप उडते. काहींना झटके येतात. दोनतीन दिवसांनी नसलेले दिसू लागते, माणूस भ्रमात जातो आणि उपचार झाले नाहीत तर जिवावर बेतू शकते. कित्येकदा अशा भ्रमात माणूस आपल्या रोजच्या कामाचे हातवारे करतो. शिंपी शिवतो, ड्रायव्हर चाक फिरवतो. "यांचा धंदा काय?" डॉक्टरांनी विचारले. मी सांगितले.

मग वहिनींनी हकीकत सांगितली. रविवारी मुलीला पाहायला मंडळी येणार होती. भाऊंनी गुरुवारी रात्री देवापुढे शपथ घेतली की, आता थेंब घेणार नाही. शुक्रवार गेला, शनिवारी ते कामावरही येऊन गेले. रविवारी पाहुण्यांसमोर चहाची कपबशी त्यांच्या हातात अशी खडखडली की, मुलाच्या वडिलांनी ती काढून घेतली. ते स्थळ अर्थातच गेले. पहाटे भिंतीवरून नोटा गळताहेत असे म्हणत भाऊ अंगणात धावले. म्हणजे इतकी वर्षे ते प्यायल्यामुळे जे घडले नव्हते, ते त्यांनी सोडल्यामुळे घडले. सोडणे योग्यच होते, फक्त ते डॉक्टरला विचारून सोडायचे असते. हे त्या घरात कुणाला माहीत नव्हते, आणि बँकेत तरी कुणाला होते?

किल्ली देवघरात, कुंकवाच्या करंड्यामागे ठेवलेली होती. ती घेऊन मी शाखेत आलो, रीतसर लेखी ताबा लिहिला आणि दुसऱ्या कॅशियरसोबत रोकड मोजली. दर गड्डी मोजली. ज्या गड्ड्यांवर भाऊंची सही होती त्या मी दोनदा मोजल्या, काही तीनदा. पैसा न् पैसा जुळला. दुपारी निरोप घेऊन मीच पुन्हा दवाखान्यात गेलो. वहिनी काही बोलल्या नाहीत, पदर तोंडाला लावून भिंतीशी बसल्या.

गुंगीची औषधे आणि जीवनसत्त्वाची इंजेक्शने यांनी चौथ्या दिवशी भाऊ माणसात आले. मला पाहून पहिला प्रश्न त्यांनी केला, "रोकड जुळली ना?" जुळली म्हणालो. त्यांच्या गड्ड्या मी तीनतीनदा मोजल्या, हे सांगितले नाही. पुढेही कधी सांगितले नाही. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणची माहिती त्याच डॉक्टरांनी दिली. भाऊ तिथे जाऊन राहून आले. नंतर ते एकदाच घसरले आणि पुन्हा सावरले. मुलीचे लग्न दोन वर्षांनी झाले. पंगतीत ते स्वतः वाढायला होते आणि त्यांच्या हातातले ताकाचे भांडे स्थिर होते, हे मी मुद्दाम पाहिले. ते निवृत्त झाले त्या दिवशी मी माझ्या खात्यावर एक विड्रॉल फॉर्म भरला आणि त्यांच्या पिंजऱ्याशी जाऊन उभा राहिलो. शेवटचे पेमेंट त्यांनी मला केले. तीनशे रुपये होते.

त्यानंतर हा शब्द साऱ्या देशाच्या तोंडी आलेला मी पाहिला, तो ८ नोव्हेंबर २०१६ नंतर. मी तेव्हा पुण्याच्या एका उपनगरातल्या शाखेत होतो. एटीएममुळे अडगळीत गेलेले विड्रॉल फॉर्म पुन्हा गठ्ठ्यांनी लागू लागले. खात्यात लाखो असले तरी आठवड्याला चोवीस हजारच काढता येतील असा नियम, आणि तेवढेही द्यायला आमच्याकडे रोकड नसे. मग सगळ्यांना थोडेथोडे मिळावे म्हणून आम्ही चार हजार, कधी दोन हजार देत असू. घरच्या लग्नासाठी अडीच लाखांची सवलत होती. पण ज्यांना रोख द्यायची त्यांची यादी आणि 'आमचे बँकेत खाते नाही' असे त्यांचे लेखी म्हणणे आणा, अशी अट होती. एक गृहस्थ घोडेवाल्याचा अंगठा घेऊन आले होते. वाजंत्रीवाल्याचे खाते निघाले, म्हणून त्याचे नाव खोडावे लागले. आपलेच पैसे आपल्याला मागताना माणसे माझ्यापुढे हात जोडत आणि मला खुर्चीत बसवत नसे. ही बंधने १३ मार्च २०१७ ला उठली. पुढे मे २०२३ मध्ये दोन हजारांची नोट चलनातून 'मागे घेतली', तेव्हा ती वैध मात्र राहिली. बंदी आणि मागे घेणे यांतला फरक तेव्हा लोकांना शिकवावा लागला नाही.

त्या रांगांच्या दिवसांत मला वारंवार एक जुनी खातेदार आठवे. २००४ साल असेल. मी सातारा भागातच शाखाधिकारी होतो. फौजी माणसाची विधवा, कौटुंबिक पेन्शन आमच्याकडे. बाईंना अर्धांग झाला आणि मुंबईहून मुलगा आला. उपचारांसाठी पैसे काढायचे होते. आजारी खातेदाराचा अंगठा घ्यायचा तर दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार माणूस. अंगठा उमटत नसेल तर पायाचा अंगठाही चालतो, अशी सोय नियमात आहे. शाईचे पॅड आणि फॉर्म घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. मुलाने रक्कम भरून ठेवली होती, खात्यात होती तेवढी सगळी. मी ती मोठ्याने वाचून दाखवली.

म्हातारीने बरा असलेला हात मुठीत मिटला.

"समदं नगं काढूस," ती मुलाला म्हणाली. शब्द तुटत होते, पण समजत होते.

"आये, दवापाण्याला लागत्यात," मुलगा म्हणाला.

"खातं बंद व्हतंय न्हवं का, सायेब?" तिने मला विचारले. "मग एक तारखंला पेन्शन कुठं यायची?"

मी नवा फॉर्म काढला. पाचशे रुपये मागे ठेवून रक्कम लिहिली, पुन्हा वाचली. तिने मूठ उघडली आणि अंगठा माझ्याकडे केला. शाई पुसायला मी रुमाल पुढे केला, तर राहू दे म्हणाली.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला पेन्शन जमा झाली. त्याच्या पुढच्या महिन्यात मुलगा मृत्यूचा दाखला आणि पासबुक घेऊन आला.